हिवाळ्यात झाड तोडून घेण्याआधी खोडाकडे बघा: न्यू जर्सीतल्या मराठी घरमालकांना खुलं पत्र

प्रति,
न्यू जर्सीतले मराठी घरमालक
आणि मराठी मंडळांच्या कार्यकारिणीचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

पानगळ उरकली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक विचारणा हमखास येते: झाड तोडायला कोणी माहितीतला माणूस आहे का, वाजवी दरात करणारा? थोड्याच वेळात दोन-चार नंबर येतात. हिवाळा हा झाडवाल्यांचा मंदीचा काळ, म्हणून भाव उतरतात. जमीन गोठलेली असली की ट्रक लॉनमध्ये रुतत नाही. पानं नसल्यामुळे झाडाचा सगळा सांगाडा दिसतो, कुठली फांदी घरावर झुकली आहे ते कळतं. ओकची छाटणी तर हिवाळ्यातच करा असं जाणकार सांगतात. गावातल्या सार्वजनिक झाडांची देखरेख करणाऱ्या शेड ट्री कमिशनवर स्वयंसेवक म्हणून काम करताना मीही लोकांना तेच सांगते. तेव्हा हिवाळ्यात काम काढू नका, असं मी म्हणत नाहीये.

आपण दर विचारतो, लाकूड उचलून नेणार का ते विचारतो, फार तर इन्शुरन्सचं विचारतो. पण तो माणूस ज्या खोडावर चढणार, त्या खोडावर काय वाढलंय हे बघायला कोणी मागच्या अंगणात जात नाही. तिथे पॉयझन आयव्हीचा, म्हणजे अंगाला लागला की फोड उठवणारा विषारी वेल असेल तर भुर्दंड आपल्याला बसत नाही. तो बसतो दोराला लटकून काम करणाऱ्या पोराला, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या पत्राचं कारण एवढंच आहे.

पॉयझन आयव्ही आपल्याला माहीत आहे ती उन्हाळ्यातली. शाळेतून मुलं शिकून येतात: तीन-तीन पानांचं काही दिसलं तर हात लावायचा नाही. ऑक्टोबरात ही पानं लालभडक होतात आणि गळून जातात. मग आपण समजतो की आता एप्रिलपर्यंत काळजी नाही. हा समज खोटा आहे. या वेलाचं विष पानातच असतं असं नाही. देठ, खोड, मुळं, फळं, सगळीकडे ते असतं आणि बारा महिने असतं. युरुशिऑल नावाचा तेलकट पदार्थ वेलाच्या आतल्या बारीक नळ्यांमधून भरलेला असतो. साल खरवडली, कापली, चिरडली की तो बाहेर येतो. थंडीने तो नाहीसा होत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे पटायला फार वेळ लागू नये. पॉयझन आयव्ही, बिब्बा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. ज्यांनी घरात कोणाला बिब्बा उतलेला पाहिला आहे, त्यांना ती सूज, ते पाण्याने भरलेले फोड, ती रात्र रात्र झोपू न देणारी खाज वेगळी सांगायला नको. धोबी ज्या बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करायचे त्याचा चीक हवेत काळा पडतो, आणि पॉयझन आयव्हीचाही पडतो. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागून फोड आलेली मुलं तर कोकणात घरोघरी सापडतील. कुळ एक असल्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. म्हणून "मी तर तिकडे वाढलो, मला इथल्या वेलाने काय होणार" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. लहानपणी आंब्याच्या चिकाने किंवा काजूच्या टरफलातल्या तेलाने ज्याची कातडी एकदा भडकली आहे, त्याला हा वेल पहिल्याच भेटीत इंगा दाखवू शकतो. उलट, ज्याला आजवर काही झालं नाही त्याला पुढच्या वेळी होणारच नाही याचीही खात्री नाही. बहुतेक माणसांना युरुशिऑलची अ‍ॅलर्जी होतेच.

त्यात ही अ‍ॅलर्जी उशिरा उठणारी आहे. चीक अंगाला लागतो तेव्हा काहीच कळत नाही. खाज आणि पुरळ यायला बारा तासांपासून दोन-तीन दिवस लागतात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चीक लागला असेल तर आठवडा-दोन आठवडेसुद्धा. म्हणजे शनिवारी तुमच्याकडचं काम आटोपून, पैसे घेऊन, हात हलवून ट्रक निघतो, तेव्हा सगळे ठणठणीत असतात. सोमवारी त्यातल्या एकाचे डोळे उघडत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत एका घरामागचा जुना मेपल उतरवत होते. कुंपणामुळे माणसाला वर उचलणारा बकेट ट्रक मागे जात नव्हता, म्हणून एक तरुण पोरगा दोरावर चढला. खोडाभोवती टाकलेला पट्टा तो दर दोन पावलांनी झटका देऊन वर सरकवायचा, आणि दर झटक्याला वेलाची साल खरवडून खाली पडायची. थंडीने त्याचं नाक वाहत होतं. खोडाला मिठी मारलेल्या त्याच हातमोज्याच्या पाठीने तो नाक पुसत होता. पहिली मोठी फांदी कापताना चेनसॉ वेलातून आरपार गेली आणि ओला, फिकट भुसा त्याच्या छातीवर, मफलर आणि जॅकेटच्या फटीत, मानेवर उडाला. मी जाऊन त्यांच्या मुकादमाशी बोलले. तो म्हणाला, हिवाळ्यात हे मेलेलं असतं. पुढच्या आठवड्यात तीच टोळी पलीकडच्या रस्त्यावर दिसली. पोरगा नव्हता. त्याच्या जोडीदाराने फोनवर त्याचा फोटो दाखवला. दोन्ही डोळे सुजून बंद, मानेवर पट्टेच्या पट्टे. काम नाही त्या दिवसाचा पैसा नाही, हेही त्यानेच सांगितलं.

काजू फोडायला बसणाऱ्या बाया हाताला राख चोपडतात, कारण समोर काय आहे हे त्यांना ठाऊक असतं. या पोराला ते कोणी सांगितलं नव्हतं. ते झाड ज्याच्या जागेत उभं आहे, त्याने सांगायला हवं. म्हणजे आपण.

आता बघायचं काय, ते सांगते. आधी खोडाचा खालचा पुरुषभर उंचीचा भाग चहूबाजूंनी बघा. पॉयझन आयव्हीचा जुना वेल खोडाला चिकटून सरळ वर जातो आणि त्याला तपकिरी-काळसर मुळांचे केस फुटलेले असतात, इतके दाट की वेल जुन्या सुंभासारखा दिसतो. कोवळा असेल तर बोटाएवढा, जुना झाला की मनगटाएवढा आणि त्याहूनही जाड. बऱ्याचदा तो सालीच्या रंगात इतका मिसळतो की झाडाचाच भाग वाटतो. मग नजर वर न्या. वेलाच्या बाजूच्या फांद्या खोडापासून आडव्या, हातभर बाहेर आलेल्या दिसतात. लांबून ती झाडाचीच बारीक डहाळी वाटते. त्यांच्यावर पांढुरक्या, मोत्याएवढ्या फळांचे घोस हिवाळ्यातही टिकून असतात. सुतार पक्षी ती आवडीने खातात आणि बी दुसरीकडे नेऊन टाकतात. आपल्या कुंपणांच्या तारेखाली हा वेल आपोआप उगवतो त्याचं कारण तेच.

फसवणारे वेल आहेत. द्राक्षवेलीची साल लांब पट्ट्यांनी सुटते आणि तिला असे केस नसतात. व्हर्जिनिया क्रीपरची फळं निळी-काळी, आणि त्याच्या तणाव्यांच्या टोकाला चिकटणाऱ्या बारीक चकत्या असतात. इंग्लिश आयव्ही हिवाळ्यातही हिरवीगार राहते. पण हे सगळं पाठ करायची गरज नाही. केसाळ वेल दिसला की तो पॉयझन आयव्ही आहे असं धरून चाला. चुकलात तरी कोणाचं काही बिघडत नाही.

आपल्या वस्तीत हा वेल जास्त का, हेही समजून घ्या. त्याला दाट जंगल फारसं मानवत नाही, जंगलाची कड मानवते. मध्य जर्सीतल्या आपल्या कितीतरी डेव्हलपमेंट्स जंगल कापून उभ्या राहिल्या आहेत. त्यामुळे तिथलं प्रत्येक मागचं अंगण म्हणजे एक नवी कड, भरपूर ऊन आणि चढायला तयार खोड. त्यात अ‍ॅशची झाडं मरतायत. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा किडा न्यू जर्सीत पहिल्यांदा २०१४ साली सॉमरसेट काउंटीत ब्रिजवॉटरला सापडला, आणि तेव्हापासून गावोगाव अ‍ॅश वाळून उभे आहेत. वरचा पर्णसंभार गेला की ऊन खोडापर्यंत येतं आणि वेल जोमाने चढतो. वाळलेला अ‍ॅश ठिसूळ असतो, त्यावर चढणं मुळातच धोक्याचं. म्हणजे सध्या जी झाडं सगळ्यात जास्त तोडली जातायत, त्यांच्यावर दोन्ही संकटं एकत्र येतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवला की पॉयझन आयव्ही जास्त फोफावते आणि तिचं युरुशिऑलही जास्त जहाल होतं, हे ड्यूक विद्यापीठाच्या जंगलातल्या प्रयोगात दिसलं होतं. तो निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा हा त्रास पुढच्या वर्षी आपसूक कमी होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

वेल दिसला तर पहिलं काम, त्याचा फोटो काढा आणि दर मागवतानाच तो फोटो पाठवा. शब्दांतही लिहा की या झाडावर पॉयझन आयव्ही आहे. लेखी असलं की मुकादमाला "मला कोणी बोललं नाही" म्हणता येत नाही आणि तो तयारीने येतो: अंगभर झाकणारे, फेकून देता येतील असे ओव्हरऑल, जाड व्हिनाइलचे हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड. पातळ लेटेक्सच्या हातमोज्यांवर भरवसा ठेवू नये, त्यांतून हे तेल आत जातं. वेल असलेल्या झाडासाठी कोणी जास्त पैसे मागितले तर ते द्या. शंभर-दोनशे डॉलरवरून घासाघीस करायची ही जागा नाही. आणि सगळ्यात कमी दर देणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: तुमच्या माणसांना वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर इजा झाली तर भरपाई देणारा विमा, आहे का? न्यू जर्सीत झाडांचं काम करणाऱ्या धंद्यांना राज्याच्या बोर्ड ऑफ ट्री एक्सपर्ट्सकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी आहे का तेही बघा. नोंदणी नाही, विमा नाही, रोख द्या म्हणतो, अशा माणसाचा दर कमी असतो तो कामगाराच्याच जिवावर.

काम सुरू व्हायच्या सकाळी स्वतः मागे जा आणि वर चढणाऱ्याला वेल दाखवा. मुकादमाला सांगून थांबू नका. टोळीतली बरीच मंडळी स्पॅनिश बोलणारी असतात. "इएद्रा वेनेनोसा" एवढं म्हणून खोडाकडे बोट केलं तरी काम होतं.

यापुढचा मुद्दा तुम्हाला बारीक वाटेल, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. युरुशिऑल कातडीवरून जितकं लवकर धुवाल तितकं बरं. पहिल्या दहा मिनिटांत धुतलं तर बराचसा त्रास टळतो, मग दर मिनिटाला संधी कमी होत जाते. उन्हाळ्यात टोळीवाले अंगणातल्या नळाखाली हात धुतात. हिवाळ्यात पाइप फुटू नये म्हणून तो नळ आपणच आतून बंद केलेला असतो. म्हणजे नेमकं ज्या महिन्यांत ही कामं चालतात, त्या महिन्यांत कामगाराला आपल्या घरी हात धुवायला पाणीच नसतं. तो तसाच जेवतो, तसाच फोन हाताळतो, तसाच आडोशाला लघवीला जाऊन येतो. त्याचे फोड कुठे कुठे उठतात हे मी लिहीत नाही, तुम्ही समजू शकता.

गॅरेजमध्ये किंवा मागच्या दाराशी कोमट पाण्याची बादली, मग, भांडी घासायचा डिश सोप, नखांसाठी एक ब्रश, पेपर टॉवेल आणि रबिंग अल्कोहोलची बाटली ठेवा. तेल चरबी काढणाऱ्या साबणानेच निघतं, नुसत्या पाण्याने पसरतं. जमलं तर गॅरेजचं दार उघडून त्यांना आत येऊन धुवू द्या. पाहुण्याला आपण दारातच पाणी विचारतो. आपल्याकडे काम करायला आलेल्या माणसालाही विचारूया.

हिवाळ्यातली आणखी एक अडचण कपड्यांची. जाड जॅकेट कोणी रोज धूत नाही. त्याच्यावर बसलेलं तेल महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं तसंच राहतं. दोर, पट्टे, करवतीची मूठ, ट्रकची सीट, सगळ्यावर ते बसतं. बाप घरी आला, लेकराने पळत येऊन मिठी मारली, की लेकराच्या गालावर पुरळ. म्हणून काम उरकल्यावर मुकादमाला आठवण करून द्या की हत्यारं अल्कोहोलने पुसायची आणि कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवायचे. आगाऊपणा वाटेल. वाटू द्या.

वेल स्वतः ओढून काढायला जाऊ नका. उपटताना मुळांचे केस तुटून चेहऱ्यावर उडतात. चेनसॉ तर अजिबात लावू नका. फार तर हातकरवतीने बुंध्याशी वीतभर तुकडा कापून काढा, तोही पूर्ण झाकून घेऊन, आणि वरचा वेल जागेवरच वाळू द्या. पण वाळला म्हणजे निर्धोक झाला असं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा वेल मरून पडला तरी त्याचं तेल काही वर्षं टिकून असतं. तेव्हा वाळलेला वेलही झाडवाल्याला दाखवायचाच. अशा झाडाचे चिपरमधून, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून निघालेले तुकडे फुकट मिळतायत म्हणून फुलझाडांच्या वाफ्यात पसरू नका. वेलासकट तोडलेली लाकडंही ठेवून घेऊ नका.

लाकडावरून मंडळांच्या कार्यकारिणीला मुद्दाम सांगायचंय. जानेवारी-फेब्रुवारीत तोडलेल्या झाडांचे ओंडके मागच्या अंगणात रचलेले असतात, आणि मार्चमध्ये होळी येते. कोणाच्या फायर पिटमध्ये, कोणाच्या परसात आपण होळी पेटवतो, भोवती लहान मुलं बोंब मारत नाचत असतात, आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसलेले असतात. त्या लाकडावर पॉयझन आयव्हीचा वेल असेल तर युरुशिऑल धुराबरोबर हवेत जातं. ते डोळ्यांत जातं, घशात जातं, फुप्फुसात जातं. कातडीवरचे फोड दोन-तीन आठवड्यांत बरे होतात, पण श्वासनलिकेला आलेली सूज जिवावर बेतू शकते. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची सरकारी संस्था नायॉश स्पष्ट सांगते की हा वेल कधीही जाळू नये. ज्यांना कामाच्या गरजेने अशा धुरात जावं लागतं त्यांना ती खास मास्क घालायला सांगते. आपण तर मुलांना त्या धुराभोवती प्रदक्षिणा घालायला लावतो.

माझी विनंती अशी की होळीसाठी कोणाच्याही अंगणातलं, कोणत्या झाडाचं ते माहीत नसलेलं लाकूड घेऊ नये. विकतचं, साल काढलेलं, वाळवलेलं लाकूड घ्यावं. चार पैसे जास्त जातील. ज्यांच्याकडे लाकूड गोळा करायचं काम असेल त्यांना हा नियम मंडळाने लेखी द्यावा. घरच्या फायरप्लेसलाही तोच नियम लागू.

आणि एवढं करूनही कोणाला पुरळ उठलंच, तुम्हाला किंवा तुमच्याकडे काम करून गेलेल्या माणसाला, तर गार पाण्याच्या पट्ट्या आणि कॅलामाइन सौम्य पुरळाला पुरतात. तोंडावर, डोळ्यांभोवती, गुप्तांगावर सूज असेल किंवा अंगाचा बराच भाग भरला असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं. स्टेरॉइडच्या गोळ्या द्यायची वेळ आली तर त्या दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत द्याव्या लागतात. पाच-सहा दिवसांत बंद केल्या की पुरळ पुन्हा उसळतं. फोडातलं पाणी लागून रोग पसरतो हा समज चुकीचा आहे. पसरतं ते न धुतलेलं तेल. म्हणून पुरळ आलेल्या माणसाला लांब ठेवू नका, त्याचं जॅकेट लांब ठेवा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा मंडळाच्या जानेवारीच्या सभेला मला दहा मिनिटं द्या. वेलाचे फोटो घेऊन येईन. ज्यांच्या घरामागे येत्या आठवड्यांत झाड तोडलं जाणार आहे त्यांनी खोडाचा खालचा भाग आणि वरच्या फांद्या असे दोन फोटो मंडळाच्या सचिवांकडे पाठवावेत, मी बघून त्याच दिवशी कळवेन. मंडळाच्या यादीत जे झाडवाले आहेत त्यांच्या नावापुढे नोंदणी आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशनची माहिती लिहायचं कामही मी करायला तयार आहे. त्यासाठी यादी तेवढी माझ्याकडे पोचवा.

आपली,
शेड ट्री कमिशनवर काम करणारी, तुमच्यातलीच एक